यकृतावरची चरबी आणि आपलं ताट



गेल्या पंधरवड्यात डोंबिवली पूर्वेहून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं. वाचून मी ते बाजूला ठेवलं, पण मनातून काही जाईना. असंच काहीसं ठाण्याच्या दोघींनी आणि कल्याणच्या एकीनेही याआधी विचारलं होतं, म्हणून या वेळी सगळं सदर त्याच विषयाला देते आहे. पत्रातला मुख्य भाग असा :

“ताई, माझं वय 44. उंची पाच फूट एक इंच, वजन 68 किलो. मुंबईला नोकरी करते. सकाळी आठच्या सुमाराची लोकल, घरी यायला साडेसात. पोटात उजव्या बाजूला दुखायचं म्हणून सोनोग्राफी केली. खडे वगैरे काही निघाले नाहीत, पण रिपोर्टवर ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’ असं आलं. डॉक्टर म्हणाले, ‘वजन उतरवा, चाला,’ आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. घरी सांगितलं तर सासूबाईंनी विचारलं, ‘अगं, लिव्हरचा आजार पिणाऱ्यांना होतो ना?’ मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं! शेजारणीने गुळवेलीचा काढा सांगितला. मी रात्रीचं जेवण सोडलं, तर आठव्या दिवशी गाडीत चक्कर आली. ताई, माझी आई 2011 साली गेली. वीस वर्षं मधुमेह होता. शेवटी पोटात पाणी झालं आणि डॉक्टरांनी ‘लिव्हर खराब झालंय’ असं सांगितलं. आमच्या घरात कुणी थेंबाला शिवलेलं नाही, तरी नातेवाईक कुजबुजलेच. मला आता तीच भीती वाटते. वेगळा स्वयंपाक करायला मला वेळ नाही. मी काय करू?”

ताई, आधी एक सांगते. मी डॉक्टर नाही. पुढे लिहिलेलं सगळं तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पूरक म्हणून वाचा. पण चार घरांतली ताटं पाहिलेली बाई म्हणून आणि या विषयावर बरंच वाचलेलं असल्यामुळे मनापासून सांगते की घाबरू नका. फक्त तो रिपोर्ट कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवू नका.

हा आजार दारूचाच का?

नाही. दारूने यकृतावर चरबी चढते हे खरंच, पण आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो आणि आपल्याकडे तसे लोक पुष्कळ आहेत. केंद्र सरकारने 2021 सालच्या फेब्रुवारीत या आजाराचा समावेश मधुमेह, हृदयविकार आणि कर्करोगासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. त्या वेळी दिलेला अंदाज असा की देशातल्या 9 ते 32 टक्के लोकांना हा त्रास असावा. म्हणजे तुमच्या डब्यातल्या दहा बायकांत एकीला तरी असेल, कदाचित तिघींना. बहुतेकींना त्याचा पत्ताही नसेल, कारण हा आजार दुखत-खुपत नाही. दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी होते आणि हा सापडतो.

तुमच्या सासूबाईंना जे वाटलं ते जगभर वाटत होतं. पूर्वी या आजाराच्या नावातच ‘नॉन अल्कोहोलिक’ असा शब्द होता, आणि त्यात दारूचा उल्लेख असल्याने लोक उगीच लाजायचे. म्हणून 2023 साली निरनिराळ्या देशांतल्या वैद्यकीय संघटनांनी ते नाव बदललं. नवं नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा : शरीरातला साखर-चरबीचा कारभार बिघडल्यामुळे यकृतावर साठलेली चरबी. सासूबाईंना हे शांतपणे वाचून दाखवा. त्यांनाही बरं वाटेल.

आता यकृतात होतं काय? आपल्या छोट्या फ्लॅटमध्ये जास्तीचं सामान आपण माळ्यावर टाकतो. दिवाळीचे डबे, जुन्या गाद्या, उपयोगी पडेल म्हणून ठेवलेले खोके. माळा भरला की सामान खोलीत येतं आणि वावरायला जागा उरत नाही. यकृताचं तसंच आहे. गरजेपेक्षा जास्त साखर आणि पीठ पोटात गेलं की त्याची चरबी होते आणि यकृताच्या पेशींत साठत जाते. यकृतात पाच टक्क्यांहून अधिक चरबी झाली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. पुष्कळांचं तिथेच थांबतं. काहींच्या यकृताला सूज येते, सुजेतून व्रण पडतात आणि वर्षानुवर्षांनी यकृत कडक होतं. त्याला सिऱ्होसिस म्हणतात. मधुमेह जुना असेल तर हा धोका वाढतो. तुमच्या आईला नेमकं काय झालं ते मी सांगू शकत नाही, पण वीस वर्षं मधुमेह असलेल्या, दारूचा थेंबही न घेतलेल्या बाईचं यकृत असं खराब होऊ शकतं, एवढं नक्की. त्या माउलीविषयी कुजबुजणाऱ्यांचं अज्ञान होतं, तिचा दोष नव्हता.

आणखी एक लक्षात ठेवा. या आजाराच्या रुग्णांना यकृतापेक्षाही हृदयविकाराचा धोका जास्त असतो. म्हणजे यकृतासाठी केलेलं सगळं हृदयाच्याही कामी येतं.

“पण मी तर बारीक आहे!”

असं म्हणून कुणी पान उलटू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा स्वतःचा आणि त्यांच्या एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2 टक्के! आपण भारतीय हातापायाने बारीक दिसलो तरी पोटात चरबी बाळगून असतो. म्हणूनच आपल्यासाठी वजनाची मर्यादा गोऱ्या लोकांपेक्षा खालची धरतात.

घरच्या घरी तपासायचं असेल तर शिवणाची टेप घ्या. श्वास सोडून, पोट आत न ओढता बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या आत हवी. पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या आत. टेप नसेल तर परकराची एक जुनी नाडी घ्या, बेंबीपाशी गुंडाळा आणि जिथे टोक येतं तिथे गाठ मारून ठेवा. दर महिन्याच्या एक तारखेला तीच नाडी. वजनकाटा कधी रुसतो, नाडी खोटं बोलत नाही.

पाळी जाण्याच्या वयात पोटावरची चरबी वाढते आणि हा आजारही वाढतो. पीसीओडी असलेल्या मुलींना, गरोदरपणात साखर वाढलेल्या बायकांना आणि ज्यांच्या आई-वडिलांना मधुमेह आहे त्यांना धोका जास्त. तुम्ही या शेवटच्या गटातल्या आहात.

आपण नेमकं काय खातो?

ताई, तुम्ही पत्रात लिहिलंय, “मी फारसं खातच नाही.” हे वाक्य मी शंभर बायकांकडून ऐकलंय आणि मीही म्हटलंय. एकदा मी खरोखर वही घेऊन बसले. सकाळी घाईत अर्धी पोळी चहात बुडवून. डबे भरताना भाजीची चव. मुलाच्या डब्यातला परत आलेला पराठा, टाकवत नाही म्हणून. चारच्या चहाबरोबर दोन खारी. घरी येताना स्टेशनबाहेर अर्धा वडापाव. रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात, “एवढासाच राहिलाय, उद्या शिळा कोण खाणार?” ताटात बसून जेवलेलं जेवण एकच, आणि ताटाबाहेरचं मात्र दोन जेवणांइतकं! आपलं ताट शेवटचं असतं आणि त्यात सगळ्यांचं उरलेलं येतं. अन्न वाया घालवू नये ही शिकवण चांगली, पण त्यासाठी आपलं पोट म्हणजे काही घरातली बादली नव्हे. भात उरतो ना? मग उद्यापासून अर्धी वाटी तांदूळ कमी घाला.

चहाचा हिशेब करून पाहू. दिवसाला चार कप, कपात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे साखर. चमचा चार ग्रॅमचा धरला तर 32 ग्रॅम, महिन्याला जवळजवळ एक किलो! आणि ही फक्त चहातली. जागतिक आरोग्य संघटना सांगते, वरून घातलेली साखर शक्य तर दिवसाला 25 ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत असावी. गूळ आणि मध यांनाही हाच नियम, “गूळ चालतो” ही आपण आपली काढलेली समजूत. एकदम सोडू नका, जीभ बंड करते. पहिल्या आठवड्यात दोनचा दीड चमचा करा, पंधरा दिवसांनी एक, मग अर्धा. महिन्याभराने जुना चहा तुम्हालाच पाकासारखा लागेल. कप चारचे दोन झाले तर सोन्याहून पिवळं. बाटलीतली सरबतं आणि थंड पेयं मात्र लगेच बंद. फळ चावून खा, त्याचा रस काढू नका. कॉफी आवडत असेल तर बिनसाखरेची एक-दोन कप घ्यायला हरकत नाही, अभ्यासांत ती यकृताला अनुकूल आढळली आहे. पण ज्यांना पित्त होतं किंवा झोप येत नाही त्यांनी तिच्या मागे लागू नये.

स्वयंपाक एकच, वाढणं वेगळं

“वेगळा स्वयंपाक करायला वेळ नाही,” असं तुम्ही लिहिलंय. करूच नका! वेगळा पथ्याचा स्वयंपाक कुठल्याही घरात पंधरा दिवसांच्या वर टिकत नाही. घरात कर्त्या पुरुषाला साखर निघाली की आपण सगळं घर बदलतो. बाईला काही निघालं की ती स्वतःपुरती उपाशी राहते. ही सवय मोडायची. जे सगळ्यांचं तेच तुमचं, आणि तेच सगळ्यांच्या भल्याचं.

बदल फक्त वाढण्यात करायचा. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर. पाव ताट डाळ, उसळ, मासा, अंडं किंवा दही. उरलेलं पाव ताट पोळी, भाकरी किंवा भात. आपल्याकडे हे नेमकं उलटं असतं, अर्धं ताट भात आणि तोंडी लावायला चमचाभर भाजी! दोन फुलके घेतले तर भात अर्धी वाटी, भात एक वाटी घेतला तर फुलका एकच. तांदूळ वाड्याचा कोलम असो की आंबेमोहर, भात तो भातच. ज्वारी-नाचणीची भाकरी आठवड्यातून तीन-चार दिवस करा. तिने पोट भरल्यासारखं राहतं, पण म्हणून तीन-तीन भाकऱ्या नकोत.

मटकी, मूग, वाल, चवळी यांची उसळ रोज एक वाटी हवी. रविवारी दोन प्रकारची कडधान्यं भिजवा, मोड आणून फ्रिजमध्ये ठेवा, की चार दिवसांची चिंता मिटते. मासे खाणाऱ्यांनी बांगडा-बोंबील रव्यात लोळवून तळण्याऐवजी कालवण करावं किंवा तव्यावर चमचाभर तेलात भाजावेत.

तेलाचा हिशेब सोपा आहे. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्याभरात संपत असेल तर दुप्पट तेल जातंय असं समजा. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेलं तेल वेगळ्या बरणीत काढा आणि त्यातच महिना भागवा. फोडणी डब्यातून नव्हे, चमच्याने मोजून. तळण आठवड्यातून एकदा, आणि कढईत उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवायचं नाही.

खारी, बटर, टोस्ट, बिस्किटं हे मैद्याचं आणि वनस्पती तुपाचं प्रकरण घरात आणणंच थांबवा. डब्यात नसलं की हात जात नाही. ऑफिसच्या पिशवीत मूठभर भाजलेले चणे, थोडे शेंगदाणे आणि एक पेरू किंवा सफरचंद ठेवा. संध्याकाळची भूक गाडीतच भागली की स्टेशनबाहेरचा वड्याचा वास तितका छळत नाही. महिन्यातून एकदा मैत्रिणींबरोबर मिसळ खाल्लीत तर आभाळ कोसळत नाही, फक्त जादा पाव आणि वरची शेव मागू नका.

उपवासाचं काय? आपले उपवास म्हणजे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’! साबुदाणा हा निव्वळ पिष्टमय पदार्थ, त्यात बटाटा आणि तूप. त्याऐवजी वरीचे तांदूळ वाटीभर, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर, ताक आणि एखादं फळ. देवाला यात काहीच वावगं वाटणार नाही.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी. ह्यांची गाडी साडेनऊला येते म्हणून तुम्ही दहाला जेवता आणि साडेदहाला आडव्या होता. तुम्ही आठ-सव्वाआठला मुलांबरोबर जेवून घ्या. ते आले की त्यांना गरम वाढा, शेजारी बसून ताक प्या, गप्पा मारा. सोबत महत्त्वाची, ताट एकाच वेळी हवं असं नाही. सुरुवातीला घरात दोन दिवस भुवया उंचावतील. तिसऱ्या दिवशी सवय होते.

किती उतरवायचं?

उपाशी राहून चक्कर आणणं हा उपाय नव्हे. झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि यकृतालाही ते सोसत नाही. आठवड्याला अर्धा किलो ही चांगली चाल, पाव किलो झालं तरी चालेल. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळूच नये.

तुमचं वजन 68. त्यातले तीन ते पाच टक्के, म्हणजे दोन ते साडेतीन किलो उतरले तरी यकृतावरची चरबी कमी व्हायला लागते. सात टक्के, म्हणजे पावणेपाच किलो उतरले तर सूज ओसरण्याची आशा असते. दहा टक्के, म्हणजे पावणेसात किलोच्या आसपास गेलं तर व्रणसुद्धा भरून येऊ शकतात. 2015 साली क्यूबातल्या 293 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या सगळ्यांच्या यकृताला सूज होती. वर्षभर त्यांनी फक्त आहार आणि व्यायाम सांभाळला. ज्यांनी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणांचा हा सुजेचा आजार हटला. पण एवढं वजन उतरवणं दहातल्या एकालाच जमलं, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणून पहिल्याच दिवशी पावणेसात किलोचा घोर लावून घेऊ नका. आधी दोन किलो. ते झाले की पुढचे दोन.

चालणं म्हणजे घरकाम नव्हे

“दिवसभर उभीच तर असते!” हे खरं, पण ओट्यापाशी उभं राहणं आणि गाडीत लटकणं हा थकवा आहे, व्यायाम नव्हे. व्यायामात श्वास वाढला पाहिजे. त्याची खूण अशी : चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. असं चालणं आठवड्याला 150 मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. एका दमात अर्धा तास मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडेही चालतात. वजन तितकं उतरलं नाही तरी नुसत्या व्यायामानेही यकृतावरची चरबी कमी होते, हे लक्षात ठेवलं की काट्याकडे बघून निराश व्हायला होत नाही.

ठाणेकरणींना तलावपाळी आणि उपवन आहे, कल्याणकरणींना काळा तलाव. डोंबिवलीत मोकळी जागा कमी, हे मला ठाऊक आहे. मग स्टेशन ते घर रिक्षाच्या रांगेत पंधरा मिनिटं उभं राहण्याऐवजी ती पंधरा मिनिटं चाला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, झाला की अर्धा तास! पायात चपला-सँडल नकोत, बूट घाला. साडीवर बूट चांगले दिसत नाहीत म्हणाल, तर पडून मोडलेला पाय त्याहून वाईट दिसतो. रात्री जेवणानंतर गच्चीत किंवा इमारतीच्या आवारात दहा मिनिटं फेऱ्या घाला, रक्तातली साखर आटोक्यात राहते. सासूबाईंनाही बरोबर घ्या.

चालण्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा, कारण साखर वापरण्याचं काम मुख्यतः स्नायू करतात. त्याला जिम लागत नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं दहा वेळा. भिंतीला हात टेकून अंग पुढे-मागे करणं दहा वेळा. पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या हातात घेऊन वर-खाली करणं दहा वेळा. टाचा उचलणं वीस वेळा, हे तर कुकरच्या शिट्ट्या मोजतानाही होतं. थोडं थांबून सगळं पुन्हा एकदा.

पावसाळ्यात रस्त्यात पाणी साचलं की चालणं बंद पडतं आणि सहा आठवड्यांची कमाई जाते. त्या दिवसांत घरात सूर्यनमस्कार घाला, जिन्याने चढा-उतरा. आणि श्रावण आला की मंगळागौर आहेच! झिम्मा, पिंगा, फुगडी एकदा अर्धा तास खेळून पाहा, घामाने निथळाल. आपल्या आज्यांनी व्यायामाला सणाचं नाव दिलं होतं. सोसायटीतल्या चौघी-पाचजणी जमवा आणि एका रात्रीपुरतं न खेळता दर शनिवारी खेळा. गुडघे दुखत असतील तर फुगडी सोडून टाळ्यांचे खेळ घ्या. छातीत दुखणं, धाप लागणं असं काही असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

झोपेलाही विसरू नका. रोज पाच तास झोपून वजन उतरत नाही. सात तास हवीत.

काढे, गोळ्या आणि इंजेक्शनं

शेजारणीने प्रेमानेच सांगितलं असेल, पण गुळवेलीचा काढा मनाने घेऊ नका. 2020 साली करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता, तेव्हा त्यावर वाद आहे. पण आधीच आजारी असलेल्या यकृतावर वादातली वस्तू कशाला घालायची? कुठलाही काढा, चूर्ण, ‘लिव्हर साफ करणारं’ टॉनिक घ्यायचं तर आपल्या डॉक्टरांना विचारून. आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर “लिव्हरला त्रास होईल” या भीतीने स्वतःहून बंद करू नका.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची सध्या फार चर्चा आहे. 2024 सालच्या मार्चमध्ये अमेरिकेत या आजारासाठी पहिली गोळी मंजूर झाली, 2025 साली एका इंजेक्शनालाही मान्यता मिळाली. पण ती यकृतावर व्रण पडलेल्या रुग्णांसाठी, आणि तीही ‘आहार व व्यायामाबरोबर’ घ्यायची असंच त्यांच्या मंजुरीत म्हटलं आहे. म्हणजे औषध आलं तरी ताट आणि चालणं सुटत नाही!

पुढे काय करायचं?

तो रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा, आणि या वेळी प्रश्न कागदावर लिहून न्या. सोनोग्राफीतली ग्रेड चरबी किती ते सांगते, व्रण आहेत का ते नीट सांगत नाही. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून डॉक्टर त्याचा अंदाज बांधू शकतात. गरज वाटली तर फायब्रोस्कॅन नावाची न टोचता होणारी तपासणी सांगतात. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून सगळं ठीक असंही नसतं. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, रक्तदाब आणि कावीळ बी-सी यांच्या तपासण्यांबद्दलही विचारा. आईच्या आजाराची हकीकत न लाजता सांगा, डॉक्टरांना ती उपयोगाची आहे. डोळे पिवळे होणं, पायावर किंवा पोटावर सूज, काळी शी, रक्ताची उलटी, असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.

आणि ह्यांचीही कंबर त्याच टेपने मोजा! शनिवारी रात्री मित्रांबरोबर ‘थोडीशी’ घेण्याची सवय असेल तर यकृतावर चरबी असलेल्याला तीही नको.

ताई, आजच संध्याकाळी नाडीला पहिली गाठ मारा. उद्या चहातला अर्धा चमचा कमी, परवा स्टेशनवरून चालत घरी. एकदम सगळं करू नका, दर आठवड्याला एक नवी गोष्ट पुरे. तुमच्या आईच्या वेळी हे सांगणारं कुणी नव्हतं. तुम्हाला वेळेवर कळलं आहे, आणि ज्या अवस्थेत कळलं आहे ती बहुतेक वेळा मागे फिरवता येते. तुमची मुलगी तुमच्या ताटाकडे बघते आहे. आई सगळ्यांचं उरलेलं खाते, की स्वतःसाठी वाढून घेऊन बसते, हे तीही शिकणार आहे.

तीन महिन्यांनी नाडीवरच्या दोन गाठींमधलं अंतर मोजून मला कळवा. मी वाट पाहते.

— तुमची ताई